मडक्यालाही नावगाव असते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीवरच्या लेखासोबत एका मडक्याचे छायाचित्र छापून आले आहे. गोल बुडाचे, आखूड गळ्याचे, तपकिरी रंगाचे ते मडके असून त्याच्या पोटावर आडव्या पट्ट्यांच्या मधोमध सरडे कोरलेले आहेत. त्याखाली ‘आफ्रिकन आदिवासी मडके : दिवाणखान्याला रांगडा बाज’ एवढीच ओळ आहे. छायाचित्र उत्तम आहे आणि मडके त्याहून उत्तम आहे. माझे म्हणणे त्या एका ओळीविषयी आहे. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत. एखाद्या परदेशी वर्तमानपत्राने आपल्याकडच्या कुंभाराने घडवलेला रांजण ‘आशियाई रांजण’ म्हणून छापला तर आपल्याला जे वाटेल, तेच मला ती ओळ वाचताना वाटले. मडक्याला गाव असते, ते घडवणारे हात असतात आणि त्या हातांना नाव असते. आफ्रिकेतील मातीच्या वस्तूंचे नावगाव पुसले जाण्यामागे मोठा इतिहास आहे. तो आपल्या वाचकांपुढे यावा, म्हणून पत्र लांबले तरी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

१९७९ ते १९८४ ही पाच वर्षे माझे यजमान नायजेरियातील मिन्ना शहराजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवत होते. तेलाच्या उत्पन्नावर तिथे तेव्हा भराभर शाळा निघत होत्या आणि त्यांत शिकवायला भारतातून बरेच शिक्षक जात होते. हा मुलूख ग्बारी लोकांचा. शेजारचे हौसा त्यांना ग्वारी म्हणतात आणि बाहेरच्यांच्या लेखनात बराच काळ तेच नाव चालत आले. माझे माहेर कराडजवळचे, आमच्या आळीच्या टोकाला कुंभारवाडा होता, त्यामुळे मातीचे काम दिसले की माझे पाय आपोआप थांबतात. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणाऱ्या ग्बारी बायका लाकडांचा आणि मडक्यांचा भार डोक्यावर न घेता मानेमागे, खांद्यावर तोलून आणत. डोके हा देहाचा मानाचा भाग, त्यावर ओझे द्यायचे नाही, अशी त्यांची धारणा आहे. त्याहून मोठे आश्चर्य म्हणजे त्या खेड्यांत मडकी घडवणारा एकही पुरुष मला दिसला नाही. माती खणण्यापासून मडकी भाजून बाजारात नेईपर्यंत सगळे काम बायकांचे होते. आपल्याकडे कुंभाराच्या घरातली बाई माती चाळते, मळते, पणत्या रंगवते, पण चाकाला सहसा हात लावत नाही. तिथे चाकच नव्हते, आणि सगळी विद्या आईकडून, मावशीकडून, आत्याकडून मुलीकडे येत होती.

एका घराच्या अंगणात बसून मी अनेक दुपारी हे काम पाहिले आहे. त्या बाई मातीचा गोळा खाली ठेवून त्यात मूठ दाबत, कडा वर ओढून बुडाची वाटी करत, आणि मग तळहातांवर वळलेल्या मातीच्या लांब वळ्या तिच्या काठावर एकावर एक बसवून आतून-बाहेरून बोटांनी सांधे मिटवत मडक्याची भिंत उंच करत. मडके जागचे हलत नसे; बाई कमरेत वाकून, एक हात आत आणि एक बाहेर ठेवून, मागे मागे पावले टाकत त्याच्याभोवती फिरत. पोट फुगवायला आणि भिंत खरवडून सारखी करायला तुंब्याचा तुकडा, काठ गुळगुळीत करायला ओले फडके, नक्षीला खाचा पाडलेले लाकडाचे लहानसे रूळ, एवढीच सारी हत्यारे. आमच्या कुंभारवाड्यात चाक फिरे आणि कुंभार बसलेला असे. इथे ती बाई स्वतःच चाक झालेली होती. दोन फूट उंचीच्या त्या मडक्याच्या भिंतीवर मी बोटाने टिचकी मारून पाहिली, तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच नाद आला, म्हणजे जाडी कुठेही कमी-जास्त नव्हती. चाक नाही म्हणजे विद्या अपुरी असे मानणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात घ्यावी. मालीतील उंजुगू येथे सापडलेली खापरे इसवी सनपूर्व ९४०० च्याही आधीची आहेत, म्हणजे जगात ज्या भूभागांत मातीची भांडी सर्वांत आधी घडली त्यांपैकी हा एक आहे.

भाजण्याची रीत तर आणखी पाहण्यासारखी होती. पावसाळ्यात बायका शेतात असत. मडकी भाजायची ती पाऊस सरल्यावर, कोरड्या दिवसांत. बांधलेला आवा नव्हताच. मोकळ्या जागेवर काटक्यांचा थर, त्यावर रचलेली मडकी आणि वर वाळक्या गवताचा ढीग, एवढी तयारी झाली की संध्याकाळी जाळ लावायचा. अशा उघड्या जाळात आच झटकन चढते, साधारण ६०० ते ९०० अंशांपर्यंत जाते आणि थोड्याच वेळात उतरते. मडके लालबुंद असतानाच त्या बाई लांब काठीने ते ओढून बाहेर घेत आणि दोरावा नावाच्या झाडाच्या शेंगांच्या सालींचा काढा पाल्याच्या जुडीने त्यावर शिंपडत. चर्र आवाज होई, जळक्या गुळासारखा वास सुटे आणि लाल खापरावर तपकिरी शिंतोड्यांची चकाकी चढे. ही नुसती शोभा नव्हे, कारण या काढ्याने खापराची छिद्रे काहीशी बुजतात. मंद भाजलेली भरड माती चुलीवरच्या आचेने सहसा तडकत नाही, आणि तिच्या छिद्रांतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून गेल्यामुळे आतले पाणी आपल्या माठातल्यासारखेच गार राहते. ज्याला पुरवणीने ‘रांगडा बाज’ म्हटले आहे, ते प्रत्यक्षात चूल, पाणी आणि हवा यांचा अचूक हिशेब आहे.

पट्ट्यांमधले ते सरडे पाहून छायाचित्रातील मडके याच परंपरेतले असावे, असा माझा अंदाज आहे. अंदाज खरा असेल तर त्या ओळीत एक नाव यायलाच हवे होते, ते म्हणजे लाडी क्वाली. त्यांचा जन्म १९२५ च्या सुमारास क्वाली या खेड्यात झाला आणि कुंभारकाम त्या आपल्या आत्या-मावशांच्या पिढीकडून शिकल्या. हौसा भाषेत रविवारी जन्मलेल्या मुलीला लाडी म्हणतात आणि क्वाली हे गाव. म्हणजे त्यांचे नाव हेच नावगाव आहे, आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखे. सरडे, विंचू, साप, मगरी आणि मासे कोरलेली त्यांची मडकी त्या वेळच्या अबुजाच्या अमिराच्या वाड्यात होती. १९५० साली मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने ती तिथे पाहिली. वसाहतीच्या सरकारने नेमलेल्या या अधिकाऱ्याने पुढे त्याच गावात कुंभारकामाचे प्रशिक्षण केंद्र काढले. १९५४ मध्ये लाडी क्वाली तिथे दाखल झाल्या, तोवर तिथे सगळे पुरुषच शिकत होते. त्यांच्यामागून हलिमा औदू, असिबी इडो यांच्यासारख्या बायका आल्या. लाडी क्वालींची मडकी लंडनमध्ये प्रदर्शित झाली, १९७७ मध्ये अहमदू बेलो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेमागे आज त्यांचे चित्र आहे. कुंभारणीला नोटेवर स्थान देणारा देश आणि तिचे नाव न छापणारी आपली पुरवणी, या दोन गोष्टी मला एकमेकींशेजारी ठेवून पाहवत नाहीत.

आम्ही सुलेजाला गेलो ते १९८१ मध्ये. नव्या राजधानीला अबुजा हे नाव दिल्यावर जुन्या गावाचे नाव सुलेजा झाले होते. केंद्रात लाडी क्वालींची भेट झाली नाही, त्यांची मडकी मात्र जवळून पाहता आली. आकार तोच, वळ्यांनी घडवलेला. पण त्यावर हिरवट काचेसारखी झिलई होती आणि कोरलेल्या रेषांत पांढरी माती भरलेली होती. ही मडकी भट्टीत जवळजवळ १३०० अंशांवर भाजलेली, त्यामुळे दगडासारखी टणक. ती देखणी आहेत यात शंका नाही, परंतु त्यांच्यात पाणी गार होत नाही आणि ती चुलीवर चढत नाहीत. गावच्या बाईला ती परवडणारी नव्हती. ती घेणारे बहुतांशी परदेशी साहेब आणि शहरातले अधिकारी होते. कार्ड्यूंच्या कामाबद्दल मला आदर आहे. तरीही लाडी क्वालींची कला या केंद्राने ‘घडवली’ असे जे अनेकदा लिहिले जाते ते मला मान्य नाही, कारण केंद्राने फक्त झिलई आणि भट्टी दिली. आकार, रेषा आणि हात क्वालीहूनच आले होते. याच केंद्रात १९७४ मध्ये हाताने मडकी घडवायला शिकलेल्या, नैरोबीत जन्मलेल्या मॅग्डलीन ओडुंडो आज जगातल्या मोठ्या मृत्तिकाकारांत गणल्या जातात. त्यांचे बालपणीचे काही शिक्षण आपल्या दिल्लीत झाले, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता जुन्या मूर्तींविषयी. नायजेरियाच्या मध्यभागी जोस पठारावर कथील खणताना नोक या खेड्याजवळ १९२८ साली भाजक्या मातीचे एक लहान माकडाचे मुंडके मिळाले. १९४३ मध्ये जेमा गावाजवळच्या खाणीत माणसाचे एक मोठे शिर निघाले. ज्याला ते मिळाले त्याने घरी नेऊन सुरणासारख्या कंदाच्या शेतात बुजगावणे म्हणून उभे केले, आणि जवळजवळ वर्षभर ते पाखरे हाकत राहिले. पुढे ते बर्नार्ड फॅग या पुरातत्त्वज्ञांच्या हाती पडले. त्रिकोणी डोळे, मध्ये आरपार भोक पाडलेली बुबुळे आणि काळजीपूर्वक विंचरलेल्या केसांची ठेवण पाहून माकडाचे मुंडके आणि हे शिर एकाच संस्कृतीचे आहे, हे त्यांनी ओळखले. इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातील या संस्कृतीला आज त्या खेड्याच्याच नावाने ओळखले जाते. घडवणाऱ्यांची नावे काळाने नेली, पण गाव तरी राहिले. दक्षिण आफ्रिकेत लिडेनबर्गजवळ एका शाळकरी मुलाला ज्या सात शिरांचे तुकडे मिळाले, ती इसवी सन ५०० च्या सुमाराची शिरेही गावाच्या नावानेच ओळखली जातात.

हे गावही जेव्हा पुसले जाते, तेव्हा त्यामागे बहुधा चोरी असते. नोकच्या मूर्तींना युरोपच्या बाजारात किंमत येऊ लागली तशी पठारावर रात्रीची खणाखणी सुरू झाली. खणणाऱ्या गरीब माणसाच्या हाती थोडे पैसे येत आणि मूर्ती हातोहात सीमेपार जाई. विकणाऱ्याला ती कुठल्या खड्ड्यातून, कशाशेजारून निघाली हे सांगायचे नसते, म्हणून चिठ्ठीवर फक्त ‘पश्चिम आफ्रिका’ असते. फ्रान्सने १९९८ मध्ये बेल्जियमच्या एका व्यापाऱ्याकडून नोक आणि सोकोतो प्रदेशातील तीन मूर्ती विकत घेतल्या आणि २००० साली त्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या नव्या दालनात मांडल्या. नायजेरियाच्या कायद्याने त्या देशाबाहेर जायलाच नको होत्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने आफ्रिकेतील ज्या पुरावस्तूंची लूट सर्वाधिक होते त्यांची लाल यादी काढली आणि तीत नोकच्या मूर्तींचा समावेश होता. अखेर २००२ मध्ये मूर्ती नायजेरियाच्या मालकीच्या असल्याचे फ्रान्सने मान्य केले आणि त्या २५ वर्षांच्या बोलीवर उसन्या ठेवून घेतल्या.

मालीतील जेने-जेनो या प्राचीन नगराची कथा याहून दुःखद आहे. गुडघे टेकून बसलेली माणसे, अंगावरून सरपटणारे साप, साज चढवलेल्या घोड्यांवरचे स्वार अशा तिथल्या मूर्ती जगभरच्या खासगी संग्रहांत आहेत. पण १९७७ मध्ये रॉडरिक आणि सुझन मॅकिन्टॉश यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू करेपर्यंत आणि त्यानंतरही अशा बहुतेक मूर्ती चोरट्या खोदकामातूनच बाहेर पडल्या. हे साप आजार दाखवतात की पूर्वज, मूर्ती देवघरात होती की भिंतीत पुरलेली, हे आता त्यातल्या बहुतेक मूर्तींबाबत कधीच कळणार नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातील इनामगावात डेक्कन कॉलेजच्या उत्खननात घराच्या जमिनीखाली झाकणाच्या एका मातीच्या डबीत शिर नसलेली देवीची मूर्ती मिळाली आणि सोबत मातीचा बैल. ती जागच्या जागी मिळाली म्हणूनच त्या घरातल्या माणसांच्या श्रद्धेविषयी अभ्यासकांना काही बोलता आले. तीच मूर्ती एखाद्या दुकानाच्या फडताळात मिळाली असती, तर ती ‘प्राचीन भारतीय बाहुली’ झाली असती.

नाव पुसण्याचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर टाकणे. १९१० मध्ये लिओ फ्रोबेनियस हे जर्मन संशोधक नायजेरियातील योरुबा लोकांच्या इफे नगरीत गेले. तिथली भाजक्या मातीची आणि पितळेची शिरे इतकी सजीव होती, की ती स्थानिकांच्या पूर्वजांची असतील हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी त्यांचा संबंध ग्रीकांच्या दंतकथेतल्या बुडालेल्या ॲटलांटिस बेटाशी जोडला. साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकातील ही शिरे इफेच्याच कारागिरांची आहेत, हे पुढे निःसंशय ठरले. तरीही ‘आदिवासी’ हा एकच शब्द नगरे वसवणाऱ्या, अंगणांत खापरांची नक्षीदार फरसबंदी करणाऱ्या योरुबांना आणि खेड्यातल्या ग्बारी कुंभारणीला सरसकट लावला जातो, तेव्हा जाणते-अजाणतेपणी आपण त्याच जुन्या चुकीला हातभार लावतो.

लेखात अशा मडक्यांचा ‘जादूटोण्यासाठी’ वापर होतो, असेही एक वाक्य आहे. मराठी वाचकाला तरी हे असे सांगू नये. आपण मडक्याला तोंड, गळा, कान, पोट आणि बूड असे देहाचेच शब्द लावतो. नवरात्रात घट बसवतो आणि नऊ दिवस तो घट म्हणजे देवीच असते. अंत्ययात्रेत पुढे मडके चालते आणि ते फुटते तेव्हा काय संपले हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ईशान्य नायजेरियातील गाआंदा लोकांत लग्नाआधी मुलींच्या अंगावर ज्या बारीक व्रणांची नक्षी काढत, तेच ठिपके आणि त्याच ओळी त्यांच्या पूजेच्या मडक्यांवर उठवलेल्या असतात, कारण मडके हाही एक देह आहे. घानातील अकान लोकांत मृतांची स्मारकशिरे मातीची घडवीत आणि ती बायकाच घडवीत. दक्षिण आफ्रिकेतील झुलू घरातले बिअरचे काळे मडके, उखांबा, पूर्वजांना आवडते म्हणून दुसऱ्यांदा धुरात भाजून काळे करतात आणि पेय आधी पूर्वजांना अर्पण होते. ही मडकी घडवणाऱ्या नेस्टा नाला यांचे काम त्यांच्या नावानिशी संग्रहालयांत आहे. ज्याच्या घरात घट बसतो त्याला यात जादूटोणा दिसू नये.

माझी विनंती अगदी साधी आहे. अशा वस्तूचे छायाचित्र छापताना देश, लोकांचे नाव, वस्तूचा उपयोग आणि घडवणाऱ्या व्यक्तीचे नाव, यांतले जे मिळेल ते द्यावे. जे मिळाले नाही त्याच्या जागी ‘आदिवासी’ लिहू नये, ‘नाव उपलब्ध नाही’ असे लिहावे. म्हणजे निदान विचारले होते एवढे तरी वाचकाला समजेल. लेखात ‘जुनी आफ्रिकन मृण्मूर्ती ऑनलाइन लिलावात मिळते’ असाही सल्ला आहे, तो मागे घ्यावा. नोक किंवा जेनेची म्हणून विकली जाणारी वस्तू एक तर बनावट असण्याची किंवा लुटीची असण्याची शक्यता मोठी असते, आणि जिच्यासोबत मूळ देशाचा निर्यात परवाना नाही ती घरात आणू नये. वाचकांना मडके हवेच असेल तर आज काम करणाऱ्या कुंभारणीचे, तिच्या नावासकट घ्यावे. रविवारच्या छायाचित्रातील मडके कोणाचे आहे हे छायाचित्र पुरवणाऱ्या संस्थेला विचारून पुढच्या अंकात दोन ओळी छापल्यास मी ऋणी राहीन.

मिन्नाच्या बाजारातून १९८२ मध्ये घेतलेले एक लहान ग्बारी मडके आमच्या घरी आहे. त्याच्या एका कुशीवर जाळाची काळी झळ आहे आणि काठाच्या आत, जिथे शेवटची वळी दाबली गेली तिथे, एका नखाची चंद्रकोर उमटलेली आहे. विकणाऱ्या बाईंशी मी भावाची घासाघीस केली, मुलाबाळांची चौकशी केली, पण त्यांचे नाव विचारले नाही. याचे मला आजही वाईट वाटते. गेल्या आठवड्यात नातीने त्याच्याखाली ठेवायला चिठ्ठी लिहिली : ‘ग्बारी मडके, पाण्याचे, मिन्ना बाजार, नायजेरिया, १९८२. घडवणारी :’ आणि पुढची जागा तिने मोकळी ठेवली आहे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा